टीव्हीवर जिंकणाऱ्या वकीलबाई

वकीलबाई चष्मा काढायला लागल्या की समोरच्या माणसानं बसून घ्यावं, हे आमच्याकडे सगळ्यांना अनुभवानं कळलं होतं. दोन्ही हातांनी त्या चष्मा उतरवायच्या, पदराच्या टोकानं काचा पुसायच्या आणि पुसता पुसता, वर न बघता, समोरच्याचा निकाल लावायच्या. काचा स्वच्छ होईपर्यंत माणूसही पुसला गेलेला असायचा.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, बोलायच्या आधी चष्मा का काढता?"

"चष्मा असला की समोरच्याचं तोंड स्पष्ट दिसतं," त्या म्हणाल्या. "तोंड दिसलं की दया येते. दया आली की वाक्य बिघडतं."

बिघडलेलं वाक्य त्यांना खपत नसे. विशेषतः माझं. कारण त्यांची वाक्यं मी लिहायचो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी टीव्हीच्या मालिकांचे संवाद लिहितो. ज्या मालिकेची ही गोष्ट आहे तिचं नाव मी इथं सांगत नाही, आणि बाईंनी तिला जे नाव ठेवलं होतं ते छापता येणार नाही. ती विनोदी होती की गंभीर, हे चॅनेलचंही शेवटपर्यंत ठरलं नाही. जाहिरातीत ते 'हसवता हसवता रडवणारी' म्हणत. बाई म्हणत, "प्रेक्षकाला हसवता येत नाही म्हणून रडवतात, आणि रडवताना प्रेक्षक हसतो."

कल्पना साधी होती. किनाऱ्यावरचा एक तालुका, तिथलं छोटं कोर्ट, आणि त्या कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारी एक तिखट जिभेची वकीलीण. मी मूळचा मुरुडचा, म्हणून निर्मात्यांना वाटलं की याला तिकडचं सगळं कळत असणार. काशीदजवळ, मोठ्या रस्त्यापासून आत, नारळी-पोफळीच्या वाडीतलं एक प्रशस्त घर त्यांनी शूटिंगसाठी भाड्यानं घेतलं. घराच्या लांबलचक ओटीवर कोर्ट उभं केलं. घराच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा हौशी गृहस्थ. रोज इस्त्रीचा शर्ट घालून दिग्दर्शकाशेजारी खुर्ची टाकून बसत आणि दर शॉटनंतर सांगत, "वाडी जरा जास्त घ्या हो फ्रेममध्ये."

वकिलिणीच्या भूमिकेसाठी मुंबईहून एक नामांकित अभिनेत्री आली होती. आणि कायद्याच्या चुका होऊ नयेत म्हणून आमच्या तालुक्याच्या कोर्टात उभा जन्म काढलेल्या वकीलबाईंना सल्लागार म्हणून बोलावलं होतं. साठी उलटलेली, अंगानं लहानखुरी बाई. सुती साडी, हातात जेवणाचा डबा, आणि डोळ्यांवर तो चष्मा.

पहिलं वाचन सुरू झालं. अभिनेत्रीनं हात उंचावून माझं पहिलं वाक्य म्हटलं, "न्यायदेवता आंधळी असेल, मिलॉर्ड, पण मी नाही!"

बाईंनी चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

मी हात वर केला.

"कोर्टात कधी गेला होतात, लेखकमहाशय?"

"नाही."

"जा एकदा. जामीन मी देते." काचा पुसणं चालू होतं. "आणि हे मिलॉर्ड कोण? आमच्याकडे साहेब असतात. त्यांच्यासमोर असे हात नाचवले तर ते पंखा बंद करायला सांगतात. म्हणतात, वारा दोन्हीकडून येतोय."

मग त्यांनी तेच वाक्य स्वतःच्या पद्धतीनं म्हणून दाखवलं. हात न हलवता, आवाज न चढवता. "साहेब, न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी आहे ते बरंय. नाहीतर समोरच्या वकीलसाहेबांचा युक्तिवाद तिला बघवला नसता." सगळी खोली हसली. अभिनेत्री तेवढी हसली नाही. ती संध्याकाळच्या बोटीनं मांडव्याहून परत गेली, आणि दिग्दर्शकानं बाईंना भूमिका देऊ केली.

"मला अभिनय येत नाही," बाई म्हणाल्या.

"लागणारही नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही म्हणजे, इतकी वर्षं अशिलासमोर आपली केस मजबूत आहे असा चेहरा करून बसते, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

वकिलानं टीव्हीवर काम करावं का, यावर कोर्टाच्या बार रूममध्ये चर्चा झाली म्हणतात. बाई तिथं गेल्या, चष्मा काढला, चर्चा संपली.

कपडेपटवाल्यांनी त्यांच्यासाठी नवा चकचकीत काळा कोट शिवला होता. तो त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हा घालून गेले तर अशील मलाच बँडवाली समजेल." आणि स्वतःचा, उन्हानं हिरवट पडलेला कोट चढवून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. तोच कोट त्या सकाळी खऱ्या कोर्टात घालत आणि दुपारी खोट्या कोर्टात. फरक एवढाच, की खोट्या कोर्टात त्या रोज जिंकत आणि खऱ्या कोर्टात त्यांना पुढची तारीख मिळे.

मालिका चालली. का चालली हे सांगायला चॅनेलनं बैठका घेतल्या. खरं कारण बाजारातल्या कुठल्याही कोळणीला ठाऊक होतं. मी एकदा बाईंबरोबर मासळी बाजारात गेलो होतो. पाटीमागं बसलेली एक कोळीण लांबूनच ओरडली, "वकीलबाय, काल त्या जजला बरा गप केलास!"

"तो जज नाही, त्याचं अलिबागला नळाच्या सामानाचं दुकान आहे," बाई म्हणाल्या. "आणि तू विषय बदलू नकोस. हे पापलेट काल मेलंय की परवा?"

सेटवर त्यांची जीभ कोणालाच सोडत नसे. दिग्दर्शकाला त्या 'पुन्हा एकदा' म्हणत, कारण तो दिवसभर तेवढंच बोले. चॅनेलकडून लॅपटॉप घेऊन येणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅम, तुमचं कॅरेक्टर थोडं लाइकेबल करूया." बाई म्हणाल्या, "करा की. मी शेजाऱ्यांना सांगून येते, ओळखणार नाहीत." पण मेकअपवाल्या मुलीला पित्तानं उलट्या सुरू झाल्या तेव्हा घरून कोकमाचं सार करून रोज डब्यात आणणाऱ्या याच बाई होत्या. देताना मात्र म्हणत, "घे, पी. आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांग, तुझ्या ओळखीत एक वकील आहे." तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. प्रेमाचा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नाही, डब्यातून निघतो.

तर असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. बाईंच्याच वयाची. नीटनेटकी नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, खांद्याला कापडी पिशवी, एसटीच्या प्रवासानं दमलेली.

राखणदारानं सवयीनं सांगितलं, "ताई, सेल्फी आता न्हाय. पॅकअप झाल्यावर."

"मला सेल्फी नको. मला आत जायचंय. हे माझ्या वडलांचं घर आहे."

"न्हाय ताई, हे दादांचं घर हाय."

"दादा माझाच भाऊ."

गडबड ऐकून दादा खुर्चीवरून उठून आले. "अगं सुलू! कळवायचं नाहीस का? ये, ये." त्यांचा आनंद खोटा नव्हता, एवढं सांगायला हवं. त्यांनी बहिणीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः जाऊन युनिटचा चहा कागदी कपातून आणून दिला आणि मोठ्या अभिमानानं ओटी दाखवली. "बघ, कोर्ट. ओळखू तरी येते का आपली ओटी?"

सुलभाताईंनी कप हातात धरून ओटीकडे पाहिलं. जिथं न्यायाधीशांचं उंच आसन होतं तिकडे बोट करून त्या म्हणाल्या, "इथं आईचा झोपाळा होता."

"काढला ना तो. कड्या ठेवल्यात वर. त्यावर लाइट लावलेत यांनी."

वकीलबाई पोफळीखाली बसून डबा खात होत्या. मी शेजारीच होतो. त्यांनी हे सगळं पाहिलं. कागदी कपाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दादा दिग्दर्शकाकडे वळले तशा सुलभाताई उठून थेट आमच्याकडे आल्या.

"मी पालीजवळ असते," त्या बाईंना म्हणाल्या. "लग्न होऊन गेले तेव्हापासून तिकडंच. भातशेती आहे आमची. रोज संध्याकाळी तुमची मालिका बघते. पहिल्या दिवशी बघितली आणि ओरडलेच, अगं बाई, ही तर आमची ओटी! आमच्या ओटीवर उभं राहून तुम्ही सगळ्या जगाला न्याय मिळवून देता. म्हटलं, आता घरच्या माणसानं का मागू नये?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "टीव्हीवर बघून फार तर साडी घ्यावी हो. वकील घेऊ नये."

"पण तुम्ही कधी हरत नाही."

"मी हरत नाही कारण हे मला हरू देत नाहीत." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "खऱ्या कोर्टात हे नसतात. तिथं मला तारीख मिळते. तुम्हांला पालीहून यायला एसटी मिळते. दोन्ही वेळेवर येतील असं नाही."

सुलभाताई हलल्या नाहीत. त्यांनी थोडक्यात सांगितलं. वडील गेल्यावर दादांनी वारस म्हणून एकट्याचंच नाव लावलं. बहिणीचं नाव सांगितलंच नाही. बहिणीनंही कधी विचारलं नाही. दर दिवाळीला ओवाळायला यायची, नारळ-सुपारी घेऊन जायची, चांगलं चाललं होतं. आता दादा घरासकट सगळी वाडी रिसॉर्टवाल्यांना विकत होते, आणि ही बातमी सुलभाताईंना तिसऱ्याच माणसाकडून कळली.

"विकायचं तर विकू दे, त्याला पैशाची गरज असेल," त्या म्हणाल्या. "पण मला विचारायला नको? आमच्या वडलांना मुलगी होती की नव्हती, एवढंच मला कोणाकडून तरी लिहून हवंय."

मी बाईंच्या हातांकडे बघत होतो. चष्मा जागेवरच होता.

"उद्या कोर्टाच्या वेळेत तिकडं या," त्या म्हणाल्या. "इथं नको. इथले निकाल खरे नसतात."

दाव्याची नोटीस दादांना मिळाली त्या दिवशी शूटिंग थांबलं. दादा इस्त्रीचा शर्ट न घालताच बाहेर आले. "माझ्याच घरात उभी राहून माझ्यावर दावा?"

"तुमच्या घरात मी भाड्यानं उभी आहे," बाईंनी चष्मा काढला. "भाडं कोणाकोणाला द्यायला हवं, एवढाच दावा आहे."

दादांनी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून निर्माते आले. निर्माते गोड माणूस होते. कोणाला काढून टाकायचं असलं की ते आधी मिठाई आणत. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स मध्ये ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या स्टार आहात. एक छोटीशी गोष्ट. ही केस दुसऱ्या वकिलाला द्या. चांगला वकील मी देतो मुंबईहून. नाहीतर हे लोकेशन जातं, आणि लोकेशन गेलं की मालिका अडते."

"आणि मी इथं उभी राहून रोज बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगू?"

"ती भूमिका आहे, बाई."

"भूमिका तुम्हांला बदलता येईल. कोटातली ही बाई कुठं नेऊ मी?"

लॅपटॉपवाली मुलगी म्हणाली, "मॅम, ऑडियन्सला कॉन्ट्रोव्हर्सी आवडत नाही."

"मग त्यांना वकिलाची मालिका कशाला दाखवता? बागकामाची दाखवा."

पेढे कोणी खाल्ले नाहीत. बाईंनी जाताना बॉक्स उचलला, मेकअपवाल्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे. माझ्या जाण्याचे आहेत, गोड मानून घे."

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावलो. म्हणालो, "बाई, मीही सोडतो."

"सोडून काय करणार? कविता?" त्या म्हणाल्या. "लिहा गुपचूप. दोघांनी मिळून एकाच दादावर रुसण्यात अर्थ नाही."

आता त्यांचं पात्र मालिकेतून घालवायचं काम माझ्याकडे आलं. निर्मात्यांचा हुकूम होता की वकीलीण अमेरिकेला मुलाकडे जाते असं दाखवा. मी बाईंना हे सांगायला गेलो तेव्हा त्या श्रीवर्धनच्या कोर्टात कुठल्याशा तारखेला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "चला बरोबर. फेरीवर बोलू. खाली कोणी ऐकायला नसतं, वर वारा ऐकू देत नाही."

आगरदांड्याहून फेरी सुटली. खाली गाड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या, आम्ही वर कठड्याशी उभे राहिलो.

"मुलाकडे पाठवताय मला," बाई म्हणाल्या. "जन्मभर लग्न केलं नाही, आणि तुम्ही एकदम अमेरिकेतला मुलगा दिलात. निदान पनवेलचा तरी द्यायचात. आजारपणात आला असता."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दिघीच्या बाजूचा किनारा जवळ यायला लागला होता. त्यांनी हात लांब करून दाखवलं.

"ती माडांची रांग संपते ना, तिथं आमची वाडी होती. वडील गेले तेव्हा माझी सनद नवी कोरी होती. कायदा सगळा पाठ. मुलीचं काय असतं, काय नसतं, कलमासकट सांगितलं असतं तुला. भाऊ म्हणाला, ताई, तू शिकलीस, तुला काय करायचंय वाडीचं? मी हक्क सोडून दिला. कोणी जबरदस्ती नाही केली, अरे. आनंदानं दिला. तो इतका गोड हसला तेव्हा."

फेरीचा भोंगा वाजला. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"मग त्यानं ती विकली. आता रिसॉर्ट आहे. समुद्राला खेटून पोहायचा तलाव बांधलाय. समुद्र कमी पडतो लोकांना."

"तुम्ही बोलला नाहीत भावाला?"

"सगळ्या तालुक्याला बोलले," बाई म्हणाल्या. "त्याला एकट्याला बोलायचं राहिलं. तो आता नाही."

त्या मला 'अरे' म्हणाल्या होत्या, हे माझ्या लक्षात बऱ्याच वेळानं आलं. एरवी मी कायम 'अहो लेखकमहाशय' होतो. धक्क्याला फेरी लागली तसा मी परत 'अहो' झालोही. "तर अहो लेखकमहाशय, अमेरिका नको. मला एक केस हरू द्या. हरते, कागद गोळा करते, कोट हातावर टाकते आणि ओटीच्या पायऱ्या उतरून जाते. माणसं अशीच जातात. पाठीमागं व्हायोलिन वाजवू नका."

मी तसं लिहिलं. माझ्या आयुष्यातलं बऱ्यापैकी बरं लिखाण ते. चॅनेलनं ते नाकारलं, कारण नायिका हरली तर साबणाच्या जाहिरातीवर परिणाम होतो. वकीलीण अमेरिकेला गेली आणि काही दिवसांनी तिकडून परत आली ती वेगळ्याच चेहऱ्याची, चकचकीत कोट घातलेली. मासळी बाजारात हाहाकार झाला. आमची ती कोळीण बाईंना म्हणाली, "तुला काय जाला गो? ती टीव्हीत कोन बसलीय?" बाई म्हणाल्या, "अमेरिकेचं पाणी मला मानवलं, दुसरं काय."

सुलभाताईंचा मनाई हुकमाचा अर्ज सुनावणीला आला त्या दिवशी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. दादांच्या व्यवहाराचं कोणाला पडलं नव्हतं. टीव्हीवरच्या वकीलबाई प्रत्यक्षात कशा फाडतात ते बघायला लोक आले होते. मीही त्यासाठीच गेलो होतो, खोटं कशाला सांगू. बायका गजरे घालून आल्या होत्या.

दादांचे वकील बाहेरचे, मोठे, भारी आवाजाचे. त्यांनी मालिका पाहिलेली होती आणि लोकही पाहून आलेले होते, त्यामुळं त्यांना चेव आला. त्यांनी हात नाचवले, गर्रकन वळून लोकांकडे पाहिलं, सुलभाताईंना विचारलं की इतकी वर्षं हे हक्क काय नारळाच्या झाडावर चढून बसले होते? मध्ये तर त्यांनी चक्क मी लिहिलेलं एक वाक्य टाकलं. लोक खळखळून हसले. सुलभाताई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ती कापडी पिशवी होती, आणि तिचे बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, पुरे. हे मालिकेत चालतं."

मग आमच्या बाई उठल्या. मी त्यांच्या चष्म्याकडे पाहत होतो. त्यांनी तो नाकावर नीट बसवला. आणि इतक्या हळू, इतक्या साध्या आवाजात बोलायला लागल्या की मागच्या बाकांवरचे लोक "काय म्हणाल्या?" विचारायला लागले. वडलांना दोन मुलं. त्यातली एक मुलगी. कायद्यानं हिस्सा दोघांना सारखा. विक्री आधी झाली तर दाव्याला अर्थ उरणार नाही. म्हणून हिस्सा ठरेपर्यंत विक्री थांबावी, एवढी विनंती. संपलं. एक टोमणा नाही, एक तिरका शब्द नाही. दादांकडे त्यांनी बोट दाखवलं तेव्हासुद्धा 'माझ्या अशिलाचे बंधू' म्हणाल्या.

लोक हिरमुसले. बाहेर पडताना एक जण म्हणाला, "बाईंच्यात आता पूर्वीचा दम राहिला नाही." साहेबांनी विक्रीला मनाई केली होती, पण ते त्याच्या खिजगणतीत नव्हतं.

मी व्हरांड्यात बाईंना गाठलं. "बाई, त्या माणसाला तुम्ही सोडलंत? एवढा बोलत होता, तुम्ही एक वाक्य टाकलं असतंत तर—"

"तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्यात," त्या म्हणाल्या. "आणि सुलभाताई आपल्या भावाचा पाणउतारा बघत बसल्या असत्या. त्यांना त्याच्याकडे दिवाळीला जायचंय अजून." मग माझ्या शर्टाकडे बघून, "आणि कोर्टात येताना असा फुलाफुलांचा घालू नका. साहेबांना वाटतं, जामीन द्यायचाय."

वाद आहे म्हटल्यावर रिसॉर्टवाले मागे सरले. त्यांना काय, किनाऱ्यावर वाड्यांना तोटा नव्हता. मालिका मुंबईच्या स्टुडिओत गेली. तिथं प्लास्टिकच्या पोफळी लावल्या होत्या आणि समुद्र संगणकावर काढला होता. नव्या वकिलिणीनं त्यात न्यायदेवतेवरची माझी सगळी जुनी वाक्यं हात उंचावून म्हटली. प्रेक्षकांनी थोडे दिवस सोसलं, मग चॅनेल बदललं. मालिका बंद झाली तेव्हा निर्मात्यांनी पेढे आणले.

दादांचा राग निवळायला वेळ लागला. पण वाडी विकता येत नाही आणि भाडंही येत नाही म्हटल्यावर ते समझोत्याला तयार झाले. कोर्टाच्या आवारातल्या वडाखाली दोघं भावंडं, दोन वकील आणि उगाचच मी, असे बसलो. घर आणि पुढची वाडी दादांना, विहिरीसकट मागची वाडी सुलभाताईंना, असं ठरलं. सुलभाताईंनी मोजून मागितलं ते एवढंच, की आईच्या झोपाळ्याच्या कड्या मला दे. दादा "ने" म्हणाले. मग एकदम भडकून बाईंकडे वळले.

"सगळं मिळालं तुम्हांला. पण भावा-बहिणीत कोर्ट आणलंत, हे लक्षात ठेवा."

बाईंनी चष्मा काढला. पदर काचांवर फिरवला. आम्ही सगळे बसलेलोच होतो, तरी आणखी नीट बसलो. त्यांनी एक काच पुसली, दुसरी पुसली, आणि तोंडातून चकार शब्द न काढता चष्मा परत घातला.

"दिवाळीला येईल ती ओवाळायला," बराच वेळ दादांकडे बघून त्या म्हणाल्या. "पाट मांडून ठेवा."

सुलभाताई गेल्या. पुढं त्यांनीच मला सांगितलं. दादा रुसलेलेच होते. पण पाटावर बसले. आणि चहा काचेच्या कपात आला.

वकीलबाई पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी गेल्या. सकाळी कोर्टात दोन कामं केली, दुपारी घरी आल्या, डबा घासून पालथा घातला आणि खुर्चीत बसल्या त्या उठल्या नाहीत. कोणाला हाक मारायलाही सवड घेतली नाही. शेजारच्यांना वाटलं, बाईंच्या घरातून आज आवाज कसा नाही.

बार रूममध्ये शोकसभा झाली. मी मुंबईहून आलो होतो, सुलभाताई पालीहून. आम्ही मागच्या बाकावर बसलो. पुढच्या टेबलावर बाईंचा हार घातलेला फोटो होता. फोटो मालिकेतला होता. दुसरा कोणाकडे नव्हता.

भाषणं झाली. ज्यांनी बाईंच्या तोंडून उभ्या आयुष्यात एक बरा शब्द ऐकला नव्हता, ते त्यांच्याविषयी भरभरून बोलले. एक जण म्हणाला, त्यांचा स्वभाव लोण्यासारखा मऊ होता. दादांचे ते भारी आवाजाचे वकील मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "बाई अत्यंत मितभाषी होत्या. त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही." सुलभाताईंच्या तोंडून एकदम फिसकन हसू बाहेर पडलं. त्यांनी पदर तोंडावर दाबला. मलाही आवरेना. चार माणसं वळून बघायला लागली, तेव्हा सुलभाताई पदराआड रडत होत्या, आणि हसणं कुठं संपलं ते मलाही कळलं नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी आपल्या अशिलाला पुढची तारीख समजावून सांगत होतं. दोन मिनिटं होऊन गेली असावीत. अध्यक्ष डोळे मिटून उभे होते, त्यांना बसा म्हणायचं सुचलं नाही. लोक हळूच एकमेकांकडे बघायला लागले. एकानं घसा खाकरला. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून सगळे तसेच थांबले होते. चष्मा काढून आम्हांला बसवणारी बाई समोर फोटोत होती. आम्ही उभेच राहिलो.